स्वस्त टेलिकॉम शेअर आणि तीस वर्षांचा हिशोब

"टेलिकॉममधला छोटा शेअर कुठला घेऊ?" हा प्रश्न हल्ली इनबॉक्समध्ये वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक तरुण, डिमॅट नुकतंच उघडलेले. म्हणणं ठरलेलं: प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, डेटा वाढतोच आहे, मग या धंद्यातला कमी भावाचा शेअर कधीतरी चालणारच. मी टिप देत नाही. पण याच भरवशावर आधीच्या पिढीनेही पैसे लावले होते, आणि ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

नेहमी विचारली जाणारी तीन नावं घेऊ: एचएफसीएल, एमटीएनएल आणि टीटीएमएल.

एचएफसीएल म्हणजे हिमाचल फ्युचरिस्टिक. १९९४ च्या धोरणाने टेलिफोन खासगी कंपन्यांना खुला झाला आणि १९९५ मध्ये परवान्यांच्या निविदा निघाल्या. या कंपनीने इस्रायलच्या बेझेकसोबत नऊ सर्कलसाठी मिळून सुमारे ८५ हजार कोटींची बोली लावली. कंपनीची उलाढाल त्याच्या शतांशही नव्हती! पुढे सरकारने एका कंपनीला किती सर्कल यावर मर्यादा घातली, आणि हा नियम कोणाच्या सोयीसाठी केला म्हणून संसद दिवसेंदिवस बंद पडली. तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांच्या घरांत १९९६ मध्ये सीबीआयला कोट्यवधींची रोकड सापडली, ते अनेकांना आठवत असेल.

२००० मध्ये हाच शेअर केतन पारेखच्या लाडक्या शेअरांपैकी एक झाला आणि दोन हजारांच्या वर गेला. २००१ मध्ये घोटाळा फुटला, भाव कोसळला. कंपनी मात्र टिकली. आज ती ऑप्टिकल फायबर केबल आणि दूरसंचाराची उपकरणं बनवते, म्हणजे परवान्याच्या शर्यतीतून बाहेर पडून शर्यतीतल्यांना माल विकते.

दुसरी एमटीएनएल. १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी स्थापन झालेली, सरकारी, एकेकाळी नवरत्न. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. गाठीशी भरपूर रोकड होती. खासगी कंपन्यांच्या आधी तिला ३जी मिळालं, पण २०१० च्या लिलावात खासगी कंपन्यांनी जो भाव चढवला तोच तिलाही भरावा लागला. ३जी आणि ब्रॉडबँडच्या लहरींचे मिळून सुमारे ११ हजार कोटी. रोकड संपली, कर्ज सुरू झालं. २०२४ मध्ये तर बँकांचे हप्तेही थकले. बहुसंख्य मालकी सरकारची होती, त्यामुळे छोट्या भागधारकाला विचारतंय कोण?

तिसरी टीटीएमएल, आपल्या घरची. महाराष्ट्र आणि गोव्याचा लँडलाइन परवाना घेतलेली ह्यूजेस कंपनी टाटांनी २००२ मध्ये घेतली, तीच ही. मोबाईलसाठी त्यांनी सीडीएमए तंत्र निवडलं, बाजार जीएसएमकडे गेला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि शेवटी मोबाईलचा धंदा एअरटेलकडे गेला. उरली कंपन्यांना इंटरनेट आणि फोन जोडण्या देण्याची सेवा, आणि जुनं कर्ज.

तरी २०२० मध्ये दोन-तीन रुपयांना मिळणारा हा शेअर जानेवारी २०२२ मध्ये २९० च्या आसपास पोचला. त्याच महिन्यात कंपनीने सांगितलं की सरकारी थकबाकीवरचं व्याज शेअरमध्ये बदलून सरकारला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास हिस्सा देणार. शेअर लोअर सर्किटला लागला. काही आठवड्यांत तो निर्णय मागेही घेतला, पण २०२३ च्या मार्चमध्ये भाव शंभरच्या बराच खाली होता. वर अडकलेले अजून मला मेसेज करतात.

ही थकबाकी आली कुठून? १९९५ च्या अवाच्या सवा बोल्या कंपन्यांना झेपेनात, म्हणून १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायचं ठरवलं. तेव्हा ती सवलत होती. पण 'महसूल' कशाला म्हणायचं यावर वाद पेटला, आणि २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. वीस वर्षांपूर्वीच्या सवलतीचं बिल एकदम आलं.

तिघींत समान काय? मागणी कधीच कमी नव्हती. इनकमिंगलाही पैसे पडायचे तिथपासून आपण जगातल्या सर्वांत स्वस्त डेटापैकी एका डेटापर्यंत आलो. फायदा ग्राहकाला झाला, लिलावाचे पैसे सरकारला मिळाले, आणि छोट्या भागधारकाच्या वाट्याला बहुतेक वेळा व्याज भरून उरेल ते आलं, म्हणजे काहीच नाही. आरकॉम, एअरसेल यांचंही दिवाळंच निघालं. २०१२ मध्ये न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले तेव्हा तर परदेशी कंपन्याही पोळल्या.

म्हणून दोन छोट्या टेलिकॉम कंपन्यांची तुलना करताना भाव बाजूला ठेवा. दोन रुपयांचा शेअर शंभरच्या शेअरपेक्षा स्वस्त असतोच असं नाही. ताळेबंद उघडा आणि चार गोष्टी बघा: नफ्यातून व्याज भागतं का, सरकारचं देणं किती, नक्त मूल्य उणे तर नाही ना, आणि कंपनी ग्राहकांसाठी दरयुद्धात आहे की दरयुद्ध करणाऱ्यांना माल विकतेय. पहिल्या तीन उत्तरांनीच बरीच नावं गळतील. गळू द्या. घाम गाळून मिळवलेले पैसे आहेत तुमचे.