दोर कोणाच्या हातात?

पिंपळगाव बसवंतहून मी बोलतेय. हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतेय. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

मी लहान असताना गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सर्कसचा तंबू लागला होता. आजी मला घेऊन गेली. झुल्यावरच्या मुली एकमेकींचे हात धरत, सोडत, पुन्हा धरत होत्या. लोक टाळ्या वाजवत होते. आजी मात्र माझ्या कानाशी म्हणाली, "ही पोर खाली उतरली की तिला जेवायला कोण वाढतं गं?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, सर्कसच्या इतिहासाला विचारावा असा प्रश्न हाच. खेळ बाईचा, पण तिचं बरंवाईट कोण ठरवतं?

तर सुरुवात आपल्याच मुलखातून करू. विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी होते, घोडे तयार करण्यात तरबेज. मुंबईत त्यांनी कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहिली आणि आपल्या माणसांची सर्कस काढायची ठरवलं. २० मार्च १८८० रोजी कुरुंदवाडला पहिला खेळ झाला. विष्णुपंतांनी घोड्यांच्या कसरती केल्या आणि त्यांच्या पत्नीनं झुल्यावरचं काम केलं. जनावरांना शिकवण्यातही त्या होत्या.

थांबून विचार करा. साल १८८०. चारचौघांत बाईनं मोठ्यानं बोलणंही जिथे खपत नव्हतं, तिथे ही बाई लोकांच्या डोक्यावरून झुलत होती. म्हणजे भारतीय सर्कशीत बाई मागाहून आलेली नाही, ती पहिल्या खेळापासून आहे. पण ही गोष्ट सांगताना विष्णुपंतांचं नाव, गाव, नोकरी सगळं येतं आणि ती बहुतेक वेळा 'छत्र्यांची पत्नी' एवढ्यावरच राहते.

पुढे छत्र्यांची सर्कस दक्षिणेत गेली. तेलिचेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांची गाठ पडली. कुञ्ञिकण्णन यांनी १९०१ साली तिथे सर्कस शिकवणारी शाळाच काढली. त्यानंतर कितीतरी वर्षं देशभरच्या तंबूंत केरळच्या मुली झुल्यावर, तारेवर, सायकलवर दिसू लागल्या. त्यांच्या कमाईवर घरं चालली, भावंडं शिकली. पण पोरवयातच तंबूत आणलेल्या, फसवून आणलेल्या मुलीही होत्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयानं सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितलं. म्हणजे आजीचा प्रश्न काही भाबडा नव्हता, बरं का.

आता जरा लांब जाऊ, ऑस्ट्रेलियात. तिकडे आणि युरोपात गेल्या पन्नासेक वर्षांत सर्कशीचं रूप पालटलं. जनावरं गेली, रिंगमास्तरचा चाबूक गेला. शरीरातून गोष्ट सांगायची पद्धत आली. १९९१ साली मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात 'विमेन्स सर्कस' सुरू झाली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांना आपलं शरीर पुन्हा आपलं वाटावं, हा तिचा मूळ हेतू. आधीची तालीम असलीच पाहिजे अशी अट नव्हती. खांद्यावर कोण उभी राहणार, खाली कोण धरणार, गोष्ट कोणती सांगायची, हे त्या मिळून ठरवत. कुरुंदवाडच्या त्या बाईच्या हातात झुल्याचा दोर होता. मेलबर्नच्या बायकांनी त्याबरोबर खेळाची सूत्रंही हातात घेतली.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय?" असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावातून फुटणारा वणीचा रस्ता दाखवते. त्या रस्त्यानं सप्तशृंगीच्या गडाकडे जाता येतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी निजामाच्या मल्लांचं आव्हान घेतलं, गडावर देवीची उपासना केली आणि तिथे मारुतीनं वानररूपात त्यांना मल्लखांबाचे डाव दाखवले, अशी परंपरेतली कथा आहे. कथा बाजूला ठेवली, तरी मल्लखांबाच्या परंपरेत आमच्या नाशिक जिल्ह्याचं नाव आहे, ते असं.

लाकडी खांब बरीच वर्षं पुरुषांचाच राहिला. पूर्वी वेताचा मल्लखांब होता, त्याच्या जागी सुती दोर आला आणि दोरीच्या मल्लखांबावर मुली आल्या. आता त्या खांबावरही चढतात. प्रात्यक्षिकात एकाच दोरीवर तीन-चार मुली एकीखाली एक आसनं धरतात, तेव्हा नीट बघा. दोर एकच असतो. एकीनं घाईनं पकड बदलली तर तो हलतो आणि सगळ्यांनाच हिसका बसतो. वरची एकटी शहाणी असून भागत नाही. कुणी कधी हलायचं हे आधी आपसात ठरलेलं असावं लागतं. मिळून खेळ रचणं म्हणतात ते हेच.

२०१८ साली कॅनडाच्या 'सर्क द्यु सोले'नं मुंबईत 'बझार' हा खेळ आणला, त्यातही मल्लखांब होता. म्हणजे आपली विद्या नव्या सर्कशीच्या दारात पोचली आहे. प्रश्न एवढाच, की तिथे आपल्या मुली फक्त कसरत करणार, की खेळही रचणार? व्यायामशाळेत मुलीला डाव शिकवतो आपण, पण "तुझ्या मनातला एखादा डाव दाखव" असं कितीदा म्हणतो?

जाता जाता एक विनंती. तुमच्या नात्यात, ओळखीत कुणी मावशी-आत्या दोरीच्या मल्लखांबावर किंवा सर्कशीत होत्या का? असतील तर त्यांच्याजवळ बसा. कोणता खेळ करायच्या हे विचाराच, पण तो कुणी बसवला होता हेही विचारा. आणि त्यांचं नाव पूर्ण लिहून ठेवा. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढ्यावर सोडू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.