वाट आणि पाटी : वैकम ते काळाराम

केरळचे नाव निघाले की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. तेथे सारे लोक शिकलेले असतात ही एक. आणि तेथून आलेल्या परिचारिका व धर्मभगिनी आपल्या दवाखान्यांत व शाळांत निष्ठेने राबतात, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार केरळची साक्षरता सुमारे ९४ टक्के होती, महाराष्ट्राची ८२ टक्के, तर आपल्याच नाशिक धर्मप्रांतात मोडणाऱ्या नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक का पडावा?

आखाती देशांतून येणाऱ्या पैशाने केरळ सुधारले, असे उत्तर बहुधा मिळते. ते इतिहासाला धरून नाही. तो पैसा १९७० नंतर वाहू लागला. शाळांचा पाया त्याच्या शंभर वर्षे आधीच घातला गेला होता. आमच्या मते केरळ घडले ते दोन साध्या वस्तूंनी : सर्वांना मोकळी झालेली वाट आणि मुलाच्या हाती आलेली पाटी. या दोन्हींसाठी सामान्य माणसे झगडली. आणि या कथेचा एक धागा थेट आपल्या नाशिकपर्यंत येऊन पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकातील त्रावणकोर संस्थानात माणसाने कोणत्या रस्त्याने चालावे, कोणते वस्त्र नेसावे, कोणापासून किती पावले दूर उभे राहावे, हे सारे जातीने ठरवून दिले होते. दक्षिण त्रावणकोरातील नाडर स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्याची मुभा नव्हती. त्यांच्यातील ज्या ख्रिस्ती झाल्या त्यांनी अंग झाकण्याचा आग्रह धरला. मारहाण झाली, प्रार्थनामंदिरे जाळली गेली, आणि अखेर १८५९ साली राजाज्ञेने त्यांना अंग झाकण्याचा हक्क मिळाला. पुढे १८९३ साली पुलय समाजातील अय्यनकाली यांनी, त्यांच्या जातीला मनाई असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःची बैलगाडी हाकली. याच अय्यनकालींनी नंतर, आपल्या मुलांना शाळेत घेईपर्यंत मजुरांनी शेतात पाऊल टाकू नये, असा संप घडवून आणला. मजुरीचा दर वाढावा म्हणून संप झालेले आपण ऐकतो. मुलांच्या पाटीसाठी पोटावर पाय दिलेली माणसे इतिहासात फार थोडी.

३० मार्च १९२४ रोजी वैकम येथे महादेव मंदिराभोवतालच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह सुरू झाला. येथे मागणी मंदिरप्रवेशाचीही नव्हती. केवळ रस्त्यावरून चालू द्या, एवढीच होती. पहिल्या दिवशी तीन स्वयंसेवक हातात हात घालून निघाले : एक पुलय, एक ईळवा, एक नायर. आरंभीच्या दिवसांत बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ या ख्रिस्ती नेत्यालाही तुरुंगवास घडला. हा प्रश्न हिंदूंनीच सोडवावा, असे गांधीजींनी त्यांना कळविले होते. त्याच वर्षीच्या महापुरात सत्याग्रही पाण्यात उभे राहिले, पण जागा सोडली नाही. नोव्हेंबर १९२५ मध्ये तडजोड झाली. मंदिराच्या तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेकडचा मात्र बंदच राहिला.

आता आपण पंचवटीत येऊ. २ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी त्याची धुरा वाहिली. मंदिराच्या चारही दरवाजांशी स्त्री-पुरुष सत्याग्रही बसले. दरवाजे बंदच राहिले. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. पाच वर्षे लोटली तरी मंदिर उघडले नाही. तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

येवल्याचा हा शब्द त्रावणकोरातही ऐकू गेला. तेथील ईळवा समाजात धर्मांतराची चर्चा जोर धरू लागली आणि वर्षभराने, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानाच्या अखत्यारीतील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. त्या निर्णयामागे कारणे अनेक होती. त्यांत नाशिक जिल्ह्यातील त्या एका सभेचाही वाटा होता, हे आपण नाशिककरांनी ध्यानात ठेवावे.

ही झाली वाटेची कथा. पाटीची कथा आपल्या ख्रिस्तसभेला अधिक जवळची आहे. संत कुरियाकोस एलियास चावरा (१८०५ ते १८७१) यांनी १८४६ साली मन्नानम येथे संस्कृत शाळा काढली आणि तीत जातिभेद न मानता मुले घेतली. दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. १८६४ साली विकार जनरल या नात्याने चावरांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा असलीच पाहिजे, असा आदेश काढला. गरिबांची मुले शाळेत टिकावीत म्हणून दुपारच्या जेवणाची सोय केली. त्यासाठी गृहिणींनी रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत तेथे रुजली. आपल्या वाचकांना येथे कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांच्या वसतिगृहांना असाच मुष्टिफंडाचा आधार मिळाला. दोन प्रांत, दोन भाषा, पण शाळा उभी राहिली ती स्वयंपाकघरातल्या मुठीवर.

मात्र सत्याची एक कडू बाजूही सांगितली पाहिजे. केरळात दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्यांना अनेक ठिकाणी वेगळी प्रार्थनामंदिरे व वेगळी जागा मिळाली. बाप्तिस्म्याचे पाणी एक, पण बाके दोन! शाळेचे दार उघडणाऱ्या ख्रिस्तसभेने आपल्याच उंबऱ्याशी जात थांबविली नाही. आपल्याकडेही आत्मपरीक्षणास जागा आहे. नाशिक-नगरकडील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज वेशीबाहेर राहणारे होते. ते माणुसकीच्या शोधात ख्रिस्ताकडे आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले. शीख व बौद्ध बांधवांना पुढे त्या मिळाल्या. या अन्यायाविरुद्ध आपण आवाज उठवतो, तो योग्यच आहे. पण सोयरीक जुळविताना आपणच पूर्वीची जात विचारू लागलो, तर त्या आवाजात बळ कोठून येणार?

आज आपल्या मिशनच्या शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात. त्याचा आनंद आहेच. तथापि त्या रांगेत ऊसतोड मजुराची मुलगी किंवा पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचा मुलगा किती वेळा दिसतो? चावरांचा आदेश शाळांची संख्या वाढविण्यापुरता नव्हता. ज्याला कोणी शाळेत बसू देत नाही, त्याच्यासाठी तो होता.

केरळचा हेवा करून काही साधणार नाही. त्याचा कित्ता मात्र गिरविता येईल. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीत शाळेबाहेर राहिलेली मुले किती, याची नावनिशीवार यादी करावी. त्यात ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद नसावा. मग प्रत्येक घराने दर दिवशी एक मूठ धान्य, अथवा तिच्या मोलाचे नाणे, त्या मुलांसाठी बाजूला ठेवावे. वाट मोकळी करण्यासाठी पूर्वजांनी मार खाल्ला. पाटी देण्यासाठी आपल्याकडे मागणे आहे ते केवळ मूठभर.