थोरोब्रेड वळू, वसाहतकालीन

थोरोब्रेड वळू, वसाहतकालीन : इंग्रजी अमलात घोडी फळवण्यासाठी ठेवलेले विलायती शर्यतबीजाचे नर घोडे. या नोंदीत मुख्यतः दख्खन आणि मुंबई इलाख्यातील वळूंचा विचार केला आहे. त्यांचे दोन वर्ग पडतात. एक सरकारी : लष्कराला घोडा पुरावा म्हणून सरकारने आणलेले आणि शेतकऱ्याच्या घोडीला फुकट लावू दिलेले. दुसरा खाजगी : संस्थानिक, पारशी व इतर धनिक आणि शर्यतीचे शौकीन यांनी स्वतःच्या माद्यांसाठी पाळलेले किंवा फी घेऊन दुसऱ्यांना दिलेले. पहिल्याचा उद्देश घोडदळ, दुसऱ्याचा रेसकोर्स. पहिला फसला आणि दुसरा पुण्यात आजही चालू आहे.

जातिवंत घोडे जगात पुष्कळ आहेत. थोरोब्रेड ही मात्र एक बंद वंशावळ आहे. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून गेलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन वळूंपर्यंत आजच्या प्रत्येक थोरोब्रेडची पितृपरंपरा पोचते. जेम्स वेदरबीने १७९१ मध्ये या वंशाची नोंदवही छापायला घेतली. त्यानंतर नियम एकच : आईबाप दोघेही वहीत असतील तरच शिंगरू वहीत. या जातीत कृत्रिम रेतनाची नोंद आजही होत नाही. नर-मादीचा प्रत्यक्ष संयोगच लागतो. म्हणून चांगला वळू ज्याच्या दावणीला, त्याच्याकडे दुसऱ्याला घोडी घेऊन जावेच लागते. वळूच्या धंद्याचे सारे अर्थकारण या एका अटीवर उभे आहे.

कंपनी सरकारला घोड्याची चणचण सुरुवातीपासून होती. मराठ्यांच्या चपळ घोडदळाशी गाठ पडल्यावर ती अधिक बोचू लागली. बिहारमधील पुसा येथे कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्टड काढला. १८०८ मध्ये त्याच्यावर विल्यम मूरक्रॉफ्ट हा शिकलेला पशुवैद्य नेमला गेला. इथल्या वळूंवर त्याचे समाधान होईना. चांगल्या बीजाच्या शोधात तो लडाखमार्गे थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतताना १८२५ मध्ये वाटेतच वारला. घोड्यापायी एवढी पायपीट केलेला दुसरा कंपनी नोकर सापडणे कठीण.

दख्खनमध्ये हाच प्रयोग पुणे जिल्ह्यात शिरूरच्या बाजूला आलेगाव येथे झाला. जागेची निवड विचारपूर्वक होती. शिरूर ही तेव्हा लष्करी छावणी. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत उतरलेले पुण्याचे नवे घोडदळ तिथूनच निघाले होते. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत भीमथडी तट्टांची जुनी पैदास होती. पेशवाई बुडाल्याने शिलेदार आणि पागा मोडल्या होत्या. घोड्याची माहिती असलेली माणसे मात्र गावागावांत बसून होती. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा स्टड १८४० नंतर थोड्याच वर्षांत बंद झाला. कारण साधे होते. वळू, माद्या, शिंगरे, मोतद्दार, चंदी, गवताची कुरणे हे सगळे सरकारी खर्चाने सांभाळून चार वर्षांनी जो घोडा तयार होई, तो बाजारच्या घोड्यापेक्षा महाग पडे. मुंबई बंदरात बसऱ्याकडून अरबी घोडे उतरत होते, पाठोपाठ ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सहून ‘वेलर’ येऊ लागले. ज्याला आजच्या आज पलटण उभी करायची, तो शिंगराची वाट कशाला पाहील?

पुढची योजना यातूनच निघाली. १८७६ च्या सुमारास सरकारने घोडे स्वतः वाढवण्याचे काम बहुतांशी सोडले आणि अश्वपैदाशीसाठी वेगळे खाते केले. त्याचा प्रमुख जे. एच. बी. हॅलन हा मूळचा मुंबई सैन्यातला पशुवैद्य. नव्या पद्धतीत वळू सरकारचा, घोडी रयतेची. निरनिराळ्या जिल्ह्यांत वळू ठेवले गेले. त्यांत इंग्लिश थोरोब्रेड होते, नॉर्फक ट्रॉटर नावाचे जड दुडक्या चालीचे घोडे होते, अरबी होते, पुढे ऑस्ट्रेलियन थोरोब्रेडही आले. खेचरांच्या पैदाशीसाठी इटली आणि सायप्रसकडून मोठ्या चणीचे नर गाढवही आणले गेले. डोंगरी तोफखान्याला खेचरे हवी असत. घोडी आधी अधिकाऱ्याने पाहायची, पसंत पडली तर तिला डाग द्यायचा, मग तिला सरकारी वळू फुकट. शिंगरू मालकाचे. ते त्याने कुठेही विकावे; लष्कराचे खरेदीदार जत्रांत आणि घोड्यांच्या प्रदर्शनांत येऊन चांगली जनावरे बक्षिसे देऊन उचलत. गावठी नर सुधारणेत बिघाड करतात म्हणून ते खच्ची करण्यावर खात्याचा भर असे, आणि गावकऱ्याच्या मनात सर्वांत जास्त अढी बसली ती याचीच.

वळू लावण्याचे काम कसे चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्याची रीत आजही फारशी बदललेली नाही. घोडी दर एकवीस दिवसांच्या आसपास माजावर येते आणि पाच-सात दिवस माजावर राहते. व्यायल्यानंतर पहिला माज आठ-दहा दिवसांतच येतो, आणि जुने लोक तो चुकवत नसत. ती खरोखर तयार आहे का, हे पाहायला थोरोब्रेड पुढे करीत नाहीत. लाथ बसली तर हजारोंचा घोडा कायमचा लंगडा. त्यासाठी एक हलके तट्टू ठेवलेले असते. मध्ये आडवे लाकूड, पलीकडे घोडी. तट्टू हुंगते, खिंकाळते. घोडी कान पाडून झाडत असेल तर दोन दिवसांनी पुन्हा आणा, शेपूट बाजूला करून स्थिर उभी राहिली तर चला. मग तट्टू मागे ओढून नेतात. घोडीच्या शेपटीला कापड गुंडाळायचे, मागच्या पायांना पायबंद, अगदीच खट्याळ असेल तर वरच्या ओठाला दोरीचा पीळ. वळूला धरणारा मोतद्दार कसलेला लागतो. काही मिनिटांत काम संपते. खरे काम त्यानंतर वहीत होते : घोडीचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, भोवरे, डाग, मालकाचे गाव, तारीख. तिथून अकरा महिने मोजायचे.

भोवऱ्यांबद्दल थोडे सांगायला हवे. मराठी घोडेवाला घोडा विकत घेताना आधी भोवरे पाही. गळ्यावरचा देवमण शुभ, अमुक जागची गोम अशुभ; गोम असलेल्या घोड्याला गिऱ्हाईक मिळत नसे, मग तो कितीही धावो. इंग्रज अधिकाऱ्यांना हा निव्वळ भाबडेपणा वाटे. पण थोरोब्रेडची ओळख पटवण्यासाठी जे चित्रपत्र तयार होते, त्यात अंगावरचा प्रत्येक भोवरा आजही खूण करून नोंदतात, कारण दोन घोड्यांचे भोवरे सहसा सारखे नसतात. आमच्या लोकांनी नशीब पाहण्यासाठी जे टिपले, ते नोंदवहीने ओळखीसाठी ठेवले.

सरकारी वळूंचे बीज दख्खनमध्ये का रुजले नाही? एक कारण शरीराचे. भीमथडी घोडी १३ हँड, म्हणजे ५२ इंच उंचीच्या आतबाहेरची. घोडदळाला साधारण १५ हँड, ६० इंचांचा घोडा हवा. एवढा फरक एका पिढीत भरून काढायला उंच, हलक्या हाडाचा शर्यती थोरोब्रेड लावला की शिंगरू लांब टांगांचे, अरुंद छातीचे निघे. बापाचा वेग नाही आणि आईचा काटकपणाही नाही. म्हणून थोरोब्रेड की अरबी, हा वाद खात्यात वर्षानुवर्षे चालला. अरबी वळूचे शिंगरू उंचीला कमी, पण चिवट आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारे. या वादात अरबीच्या बाजूने बोलणारे बरोबर होते, असे आता मागे वळून पाहता वाटते.

दुसरे कारण चाऱ्याचे आणि पैशाचे. लष्कराच्या उंचीचे शिंगरू चार वर्षे हरभऱ्यावर वाढवावे लागते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनी शेतकऱ्याला बैल जगवणे अशक्य झाले, तिथे घोडी कोण पोसणार? शतकाच्या अखेरीस पुन्हा दोन दुष्काळ आले. पंजाबात सरकारने नव्या कालव्यांच्या वसाहतींत घोडी पाळण्याच्या अटीवर जमिनी दिल्या आणि तिथली पैदास उभी राहिली. दख्खनी माणसाला मिळाला फुकटचा वळू. घोडीचे पोट त्याने भरत नाही.

तिसरे कारण भूमीचे. घोडा कोरड्या, कठीण माळावर चांगला वाढतो. तिथल्या गवताने हाड भरते आणि खूर टणक राहतो. म्हणून महाराष्ट्रातील घोड्यांचा इतिहास भीमा, नीरा, गोदावरी आणि तापी यांच्या काठाने फिरतो. माळेगावची खंडोबाची जत्रा आणि सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा हे घोड्यांचे मोठे बाजार याच टापूंत भरतात. पूर्व विदर्भाकडे वळले की चित्र बदलते. भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. वरठीच्या आसपास पावसाळ्यात बांधीत गुडघाभर चिखल; त्यात रोवणीला बैल आणि हेला चालतो, घोड्याचा खूर कुजतो. रेल्वेने वरठीला भंडारा रोड स्थानक दिले आणि त्यानंतर लांबच्या वाटचालीसाठी तट्टाची गरजही उरली नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत घोडदळ भरपूर होते, पण धानपट्टा घोडे निपजवणारा मुलूख नव्हता.

१८९२ मध्ये मुलकी पशुवैद्यक खाते निघाले आणि अश्वपैदास त्याच्याकडे गेली. १९०० च्या सुमारास बसलेल्या आयोगानंतर निवडक जिल्ह्यांतले काम लष्कराच्या रिमाउंट, म्हणजे घोडे पुरवणाऱ्या, विभागाने आपल्याकडे घेतले. अहमदनगरला रिमाउंट डेपो होता. पण १९३० च्या दशकाच्या अखेरीस घोडदळाच्या पलटणींना मोटारी आणि रणगाडे मिळू लागले आणि या साऱ्या खटाटोपाचा हेतूच संपला.

खाजगी वळूंची कहाणी वेगळ्या दिशेने गेली. मुंबईत शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होत्या. पुण्याचे मैदान १८३० चे, महालक्ष्मीचे १८८३ चे. दीर्घकाळ या मैदानांवर अरबी घोड्यांचेच राज्य होते. मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान अरबी घोड्यांचे नामांकित शौकीन. त्यांचे नातू तिसरे आगाखान यांनी थोरोब्रेडच्या मायदेशात जाऊन पैदास केली आणि इंग्लिश डर्बी पाच वेळा जिंकली. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी मोजून एक वर्षाचे शिंगरू घेतले आणि त्याला आजोबांचे नाव दिले. ‘सयाजीराव’ने १९४७ ची सेंट लेजर शर्यत जिंकली आणि पुढे तो वळू म्हणून उभा राहिला. मराठी राजाचे नाव त्यामुळे विलायती वंशावळीत कायमचे बसले.

इथल्या पैदाशीला खरा जोर दुसऱ्या महायुद्धाने दिला. जहाजे बंद, विलायती घोडे येईनात. मैदाने रिकामी ठेवायची नसतील तर देशात जन्मलेले घोडेच धावायला हवेत. १९४३ मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ती जिंकली. १९४६ मध्ये पुण्याला पूनावाला स्टड फार्म सुरू झाला. वळूची फी, शिंगरांची विक्री, नोंदवही हा आजचा धंदा त्या वर्षांत आकाराला आला. भारतातील थोरोब्रेडची नोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्यातच आहे.

या धंद्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. पूनावाला स्टडचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरची रक्तलस तयार होई. घोडे आपले, मग लस आपण का करू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. वसाहतकाळातील सर्व वळूखान्यांनी मिळून घोडदळाला जेवढा उपयोग दिला, त्याहून मोठा उपयोग या एका वळणाने झाला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ज्या भीमथडी तट्टाची उंची वाढवण्यासाठी थोरोब्रेड आणले, ते तट्टू कोणत्याही सरकारी स्टडशिवाय टिकले. मेंढ्यांबरोबर कोकणाकडे आणि परत येणाऱ्या धनगरांनी बिऱ्हाड वाहण्यासाठी ते सांभाळले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये भीमथडी ही महाराष्ट्रातील घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली.