जाग आणि भान

एखादा मनुष्य घेरी येऊन पडला की आपण म्हणतो, त्याची शुद्ध हरपली. आणि त्याने डोळे उघडले की म्हणतो, शुद्धीवर आला. रोजच्या व्यवहाराला एवढी भाषा पुरते. परंतु मेंदूला जबर इजा झालेले काही रुग्ण असे असतात की, ते डोळे उघडतात, मिटतात, रात्री झोपतात, सकाळी जागे होतात. मात्र हाकेला ओ देत नाहीत, आणि आईने हात हातात घेतला तर बोट दाबीत नाहीत. असा मनुष्य शुद्धीवर आला म्हणावे काय? आपल्या मराठीत जाग आणि भान असे दोन निराळे शब्द आहेत, हे येथे फार उपयोगी पडते. या रुग्णाला जाग आली आहे, हे उघड दिसते. भान आले आहे की नाही, हे कसे ओळखावे? वैद्यकाने या प्रश्नाशी गेली सत्तर-पाऊणशे वर्षे जी झुंज चालविली आहे, तिची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

हा प्रश्न प्राचीनांना फारसा पडला नाही, याचे कारण साधे आहे. इतकी दुखापत झालेला मनुष्य त्या काळी जगतच नसे. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसे गुदमरून मरू लागली. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, त्यातून नळी घालून रबरी पिशवीने फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखविला. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबून रुग्ण जगविले. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली आणि अतिदक्षता विभाग जन्मास आला. पण या विजयाबरोबर एक नवेच कोडे आले. हृदय चालू, श्वास यंत्रावर चालू, पण मेंदू? १९५९ साली मोलारे आणि गुलों या फ्रेंच वैद्यांनी मूर्च्छेच्याही पलीकडच्या अशा अवस्थेचे वर्णन केले. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूच्या कसोट्या मांडल्या.

तथापि मेंदूचा मृत्यू ही एक गोष्ट आणि आपला आजचा विषय दुसरी. ज्याच्या मेंदूचा मृत्यू झाला त्याला जागही नसते. जागेचे मूळ कोठे आहे, याचा माग १९४९ साली मोरुत्सी आणि मॅगून यांनी काढला होता. मेंदूच्या देठात एक जाळीदार भाग असतो. तो चेतविला की झोपाळू मेंदूच्या विद्युल्लहरी जागृतीच्या होतात, असे त्यांना मांजरांवरील प्रयोगांत आढळले. आता समजा, हा देठ शाबूत राहिला आणि वरचा मेंदू, किंवा देठाशी त्याला जोडणारे तंतू उद्ध्वस्त झाले. तर मनुष्य डोळे उघडील, पण भान येणार नाही. ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी १९७२ साली या अवस्थेला नाव दिले. मराठीत आपण तिला वनस्पतिवत् अवस्था म्हणतो. हे नाव घरच्या माणसांच्या काळजाला झोंबते. म्हणूनच २०१० साली युरोपातील तज्ज्ञांनी ‘प्रतिसादशून्य जागृती’ या अर्थाचे सौम्य नाव सुचविले.

जेनेट यांनीच टीझडेल यांच्यासह १९७४ साली ग्लासगोचे मोजमाप तयार केले. डोळे, वाणी आणि हातापायांची हालचाल या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. परिचारिकेलाही खाटेपाशी उभे राहून काही क्षणांत करता येईल अशी ही परीक्षा आहे आणि ती आजही रूढ आहे. पण ती बाह्य वर्तनाची परीक्षा आहे, हे विसरता कामा नये. जो हात हलवू शकत नाही, त्याने भान असल्याचा पुरावा द्यावा कोणत्या वाटेने?

ही शंका पोकळ नव्हती, हे १९९६ साली दिसून आले. लंडनच्या एका विशेष रुग्णालयातील कीथ अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतिवत् म्हणून आलेल्या चाळीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सतरा जणांचे निदान चुकीचे होते! त्यांतील बहुतेकांना दिसत नव्हते किंवा अगदीच अंधुक दिसत होते. त्यामुळे ‘इकडे पाहा’ या आज्ञेला ते उत्तर देणार कसे? बसण्याची नीट सोय करून, हलणारा एखादा स्नायू हुडकून, त्याच्याजवळ घंटीची कळ ठेवल्यावर ही माणसे बोलती झाली. २००२ साली अधूनमधून भान दाखविणाऱ्या रुग्णांसाठी ‘अल्पभान अवस्था’ हा स्वतंत्र वर्ग ठरला. तरीही २००९ साली बेल्जियममधील पाहणीत, वैद्यांनी एकमताने वनस्पतिवत् ठरविलेल्या ४४ जणांपैकी १८ जण अल्पभान अवस्थेत आढळले. याच लोकांनी आणखी एक मोठी बोधप्रद गोष्ट दाखविली. जो रुग्ण हलत्या बोटाचा पाठलाग नजरेने करीत नाही, तो पुष्कळदा हलत्या आरशाचा करतो. स्वतःचे मुख पाहण्याची ओढ इतकी खोल असते!

आपल्या मुंबईत या प्रश्नाने एका वॉर्डात बेचाळीस वर्षे ठाण मांडले होते. १९७३ साली के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथेच अमानुष हल्ला झाला; गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. २०११ साली त्यांच्याविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात सुनावणीस आला, तेव्हा न्यायालयाने तीन वैद्यांकडून तपासणी करविली. परिचारिकांचे म्हणणे असे होते की, आवडीचा घास दिला तर तिला कळते. नाराजी झाली तर ती आवाज करते. न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या परिचारिकांनीच तिची शुश्रूषा केली. अंगावर एक व्रणही न होऊ देता वर्षानुवर्षे सांभाळ करणाऱ्यांची साक्ष आणि काही तासांची तपासणी यांत वजन कशाला द्यावे, हा प्रश्न त्या खटल्याने आपल्या दारात आणून सोडला.

आता यंत्राची बाजू ऐकू या. २००६ साली केंब्रिज येथे एड्रियन ओवेन यांनी मोटार अपघातात सापडलेल्या तेवीस वर्षांच्या एका तरुणीला एम. आर. आय. यंत्रात ठेवले. पाच महिने तिने कसलाही प्रतिसाद दिला नव्हता. तिला सांगितले, ‘आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर.’ नंतर सांगितले, ‘आपल्या घराच्या खोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर.’ निरोगी माणसांच्या मेंदूचे जे भाग अशा वेळी कामाला लागतात, तेच तिचेही लागले. काहींनी आक्षेप घेतला की, नुसता शब्द कानी पडून मेंदू आपोआप चाळवला असेल. पण ती हालचाल विश्रांतीची सूचना मिळेपर्यंत, अर्धा मिनिट टिकून राहत होती. २०१० साली ५४ रुग्णांत अशी हुकमत पाचांनी दाखविली. त्यांतील एकाने तर ‘होय’ला टेनिस आणि ‘नाही’ला घर, या संकेताने सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली.

मिलानच्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांची रीत निराळी. आपण माठ घेताना टिचकी मारून नाद ऐकतो ना, तसेच ते करतात. डोक्यावर चुंबकीय ठोका द्यावयाचा आणि मेंदूतील विद्युत्-पडसाद मोजावयाचा. भान असलेल्या मेंदूत पडसाद दूरवर आणि गुंतागुंतीचा उमटतो. गाढ झोपेत किंवा भुलीत तो एकसुरी होऊन विरतो. या परीक्षेत रुग्णाला आज्ञा पाळावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

परंतु आशेच्या भरात फसगतही होते. २००९ साली बेल्जियममधील एक मनुष्य तेवीस वर्षांनी बोलू लागला, अशी बातमी जगभर झाली. मदतनीस बाई त्याचा हात धरून कळफलकावर नेत असत. त्याला दाखविलेली वस्तू बाईंपासून लपविली, तेव्हा उत्तर येईना. शब्द त्या बाईंचेच होते. त्यांनाही बहुधा ते ठाऊक नव्हते. गंमत नव्हे, शोकांतिका ही की, त्या मनुष्याला भान असल्याची चिन्हे इतर तपासण्यांत खरोखरच मिळाली होती. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालून आपण त्याला दुसऱ्यांदा मुका केला.

२०२४ साली सहा केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी, म्हणजे चौघांत एकाने, मेंदूतून आज्ञा पाळली. हा आकडा झोप उडविणारा आहे. पण त्याच अभ्यासातील दुसरा आकडाही ध्यानात घ्यावा. जे ११२ रुग्ण उघडपणे आज्ञा पाळीत होते, त्यांतील फक्त ४३ जणांचा मेंदू यंत्राला तसे दाखवू शकला. याचा अर्थ सरळ आहे. यंत्राने ‘आहे’ म्हटले तर ते मानावे. ‘दिसत नाही’ म्हटले तर ‘नाही’ असे समजू नये.

श्रोतेहो, भान आहे म्हणजे रुग्ण बरा होईल, असे मुळीच नाही. आणि त्याला असे जगणे हवे आहे, असेही नाही. ते प्रश्न शिल्लकच राहतात, उलट अधिक अवघड होतात. परंतु एक कर्तव्य मात्र आजच, कोणत्याही यंत्रावाचून, आपल्याला करता येते. अशा खाटेपाशी गेलो की आपण बहुधा रुग्णाच्या उशाशीच उभे राहून त्याच्या मरणाची, खर्चाची, वाटणीची भाषा बोलतो. ती बंद करावी. त्याला नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, कूस बदलण्यापूर्वी ‘आता वळवतो हं’ म्हणावे, दुखेल तेथे दुखते असे धरून चालावे. तो ऐकत नसेल तर आपले चार शब्द वाया जातील. ऐकत असेल, तर त्या चार शब्दांखेरीज त्याच्याजवळ या जगातले दुसरे काहीच नाही.