एका डोंगराचें वाचन

जो मनुष्य आज इतिहास, उद्यां भूगर्भशास्त्र आणि परवां पांखरांवरील ग्रंथ वाचतो, त्याला "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण घरांत एकदां तरी ऐकावी लागते. परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या हातीं अवांतर पुस्तक दिसलें कीं वडीलमंडळींच्या तोंडीं तीच येते. या म्हणींत तथ्य किती, हें तपासण्यासाठीं आज मी आपणांस ग्रंथालयांत नेत नाहीं; बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरावर नेतों.

कान्हेरी हें कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर, या नांवाचें रूप. येथें शंभरांवर लेणीं आहेत. त्यांचें खोदकाम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालें आणि बौद्ध भिक्षूंची वस्ती पुढें जवळजवळ हजार वर्षें टिकली. आतां हा डोंगर वाचावयाचा कोणीं?

भूगर्भशास्त्रज्ञ सांगेल कीं, हा खडक सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनीं घडविला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब त्याच उत्पातांतले. वनस्पतिशास्त्रज्ञ उतारावरील कारवी दाखवील. ती सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते. स्थापत्यविशारदाची दृष्टि मात्र पाण्याकडे वळेल. येथें चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुढें आठ महिने आकाश कोरडें. म्हणून लेण्यांच्या माथ्यावर पाट कोरले आणि तें पाणी दारालगतच्या टांक्यांत उतरविलें. याच डोंगररांगांतील पाऊस अडवून १८७९ सालीं तुळशी तलाव बांधण्यांत आला, तो मुंबई शहराची तहान भागविण्यासाठीं.

इतिहासकार भिंतींवरील ब्राह्मी लेख वाचील. त्या लेखांत टांक्याला 'पोढी' असा शब्द आहे. कल्याणच्या एका सोनारानें अशी एक पोढी दान दिली आहे. दुसरे दाते सोपाऱ्याचे, नासिकचे, चेऊलचे. म्हणजे बंदरांचे आणि घाटावरील पेठांचे. परंतु सोनारानें पोढीच कां द्यावी? ज्याला येथील पावसाचें गणित ठाऊक नाहीं, त्या इतिहासकाराला या दानाची खरी किंमत कळावयाची नाहीं. आणि ज्याला लेख वाचतां येत नाहीं, त्या स्थापत्यविशारदाला त्या पाण्यामागें उभा असलेला व्यापार दिसावयाचा नाहीं. दोघांचेंही ज्ञान खरें, पण अर्धें.

या डोंगराचे लेख ज्यांच्यामुळें बोलके झाले ते लोक तरी कोण होते? १८३७ सालीं ब्राह्मी लिपीचें कोडें सोडविणारा जेम्स प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूंची पारख करी. १८३९ मध्यें कान्हेरीचा एक स्तूप उकलून ताम्रपट बाहेर काढणारा जेम्स बर्ड पेशानें वैद्य होता. आणि येथील लेखांच्या नकला चिकाटीनें उतरविणारा एडवर्ड वेस्ट १८४४ सालीं मुंबईस आला, तो कापसाच्या गठ्ठ्यांचे दाबकारखाने पाहण्यासाठीं. पुढें तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर झाला.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यांत कांहीं ओळी ब्राह्मींत नाहींत, पहलवींत आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्यें आलेल्या जरथुष्ट्री यात्रेकरूंनीं आपलीं नांवें तेथें कोरलीं. बौद्ध लेण्यांतील इराणी लिपि! संस्कृत-प्राकृतापुरतें पाहणारा पंडित येथें थांबला असता. वेस्टनें ते लेख लावले. आणि त्याची पहलवी ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें १८८० पासून १८९७ पर्यंत पांच खंडांत प्रसिद्ध झालीं.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. चौफेर वाचन म्हणजे उथळ वाचन नव्हे. वेस्टनें पहलवी नुसती चाळली नाहीं. आयुष्याचीं अनेक वर्षें तिला वाहिलीं. म्हणींतला दोष आहे तो "एक ना धड" या शब्दांत. भाराभर असण्यांत नाहीं. एक विषय धड असावा, आणि त्याच्या खिडक्या इतर विषयांकडे उघडाव्या, एवढेंच मागणें आहे.

ज्या वडीलमंडळींना हा खर्च व्यर्थ वाटतो त्यांच्यासाठीं शेवटीं कान्हेरीचाच एक लेख सांगतों. शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ च्या सुमाराचा, शिलाहार राजा पुल्लशक्ति याच्या वेळचा. त्यांत भिक्षुसंघासाठीं ठेवलेल्या द्रम्मांची वांटणी सांगितली आहे: विहाराच्या डागडुजीसाठीं, वस्त्रांसाठीं, आणि पुस्तकांसाठीं. भिक्षूला छप्पर पाहिजे, चीवर पाहिजे, तसेंच पुस्तकही पाहिजे, हें त्या दात्याला कोणी सांगावें लागलें नाहीं. आपल्या घरच्या जमाखर्चांत तो तिसरा रकाना आहे ना, एवढें आज रात्रीं पाहावें.