घुशीचं विष आणि बाबांची गोळी

आजचा भाग आमच्या परसबागेतल्या एका बिळापासून सुरू होतो.

बाबांच्या रताळ्याच्या वाफ्यात मातीचे ढिगारे दिसायला लागले. घूस! ही बया बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून घेते, त्यामुळे नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. बिळात पाणी ओतून झालं, पिंजरा लावून झाला, रताळी मात्र रोज कमी होत होती. शेवटी मी दुकानातून विषाच्या वड्या आणल्या.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची मला खोड आहे. तिथे लिहिलं होतं, 'उतारा : व्हिटॅमिन के-१'. हे नाव मी आधी ऐकलं होतं, बाबांच्या डॉक्टरांच्या तोंडून. बाबांच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे. त्यावर गुठळी होऊ नये म्हणून ते रोज वॉरफरिनची गोळी घेतात. त्यांना सांगितलंय की पालेभाजी एकदम वाढवायची नाही आणि एकदम सोडायचीही नाही, कारण तिच्यात व्हिटॅमिन के असतं.

घुशीच्या विषाचा उतारा आणि बाबांच्या गोळीचा उतारा एकच कसा? त्या रात्री मी झोपलो नाही, वाचत बसलो.

गोष्ट आहे अमेरिका आणि कॅनडातली. १९२०च्या दशकात तिथल्या गुरांना एक विचित्र रोग झाला. साधं शिंग कापलं तरी रक्त थांबायचं नाही, जनावर मरायचं. फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातल्या पशुवैद्यानं कारण शोधलं : बुरशी लागलेलं 'स्वीट क्लोव्हर' नावाचं गवत. पण त्यातलं नेमकं काय मारतंय, हे कळायचं होतं.

फेब्रुवारी १९३३. एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनचा शेतकरी बर्फाच्या वादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोचला. सोबत मेलेली कालवड, तेच खराब गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद होतं, म्हणून तो विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला. लिंक तरी काय सांगणार? गवत बदला, एवढंच. त्या माणसाच्या हाती त्या दिवशी काहीच लागलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण उत्तर मिळायला सहा वर्षं लागली. १९३९मध्ये गवतातला पदार्थ वेगळा झाला : डायकुमेरॉल. पुढे लिंक क्षयामुळे सॅनेटोरियममध्ये पडून असताना त्यांच्या डोक्यात आलं, हे उंदरांवर चालेल का? अशा संयुगांची मोठी यादी प्रयोगशाळेत तयार होतीच. त्यातलं ४२ नंबरचं निवडलं आणि १९४८मध्ये ते उंदराचं विष म्हणून बाजारात आलं. पैसे पुरवणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, 'वॉर्फ'वरून, नाव पडलं वॉरफरिन.

ते चाललं ते हळू असल्यामुळे. झिंक फॉस्फाईड काही तासांत मारतं. पण कमी खाऊन जो उंदीर वाचतो, तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. वॉरफरिन मात्र व्हिटॅमिन के पुन्हा वापरण्याची शरीराची सोय बंद पाडतं. रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत काही दिवस जातात, तोवर उंदीर निर्धास्त खात राहतो. दुखणं कशामुळे आलं, हे त्याला जुळवताच येत नाही.

१९५१मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणानं जीव द्यायला हे विष खाल्लं, आणि तो व्हिटॅमिन केमुळे वाचला. म्हणजे माणसाला देऊन परत सावरता येतं! १९५४मध्ये ते औषध झालं, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. खुद्द राष्ट्राध्यक्षाला!

उंदीरही गप्प बसले नाहीत. १९५८मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर सापडले. मग आणखी जहाल भावंडं आली. माझ्या पाकिटातलं ब्रोमॅडिओलोन त्यातलंच. ते यकृतात बराच काळ राहतं, त्यामुळे असा उंदीर खाणारं घुबडही मरू शकतं. आमच्या मागच्या चिंचेवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते गोळी हातात धरून थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी रोज थोडा उंदीर होतो!" आई अजिबात हसली नाही.

वड्या बागेत गेल्याच नाहीत. आम्ही वाफा खणून खाली आणि कडेनं लोखंडी जाळी बसवली, कचऱ्याचा ढीग भिंतीपासून लांब नेला आणि पिंजऱ्यात पोळीऐवजी सुकट ठेवली. दोन घुशी सापडल्या. तिसरीनं परवा जाळीच्या बाहेरचा भुईमूग उकरलाय.