मोरोपंत : श्रोत्यांचे आणि वाचकांचे

एखाद्या ग्रंथकारावर एका पिढीने जीव ओवाळून टाकावा, दुसरीने त्याला नुसता मान द्यावा आणि तिसरीने त्याचे ग्रंथ फडताळात ठेवून द्यावेत, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात नवा नाही. अशा वेळी कोणी म्हणतो की जुन्यांची रुची अपक्व होती. कोणी म्हणतो की नव्यांची रुची बिघडली. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. न्यायालयात साक्षीपुराव्याच्या आधी वादाचे मुद्दे काढावे लागतात. मुद्दाच भलता निघाला तर निकाल कितीही अभ्यासपूर्ण असो, पक्षकाराला न्याय मिळत नाही. कविवर्य मोरोपंतांविषयी मराठी रसिकांनी गेल्या दोन शतकांत जे निरनिराळे निवाडे दिले ते क्रमाने पाहिले, म्हणजे कवी तोच असून मुद्दे कसे पालटत गेले हे ध्यानात येते.

मोरेश्वर रामजी पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडी झाला. घराणे मूळचे कोकणातले. पन्हाळ्यास केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. पुढे बारामतीच्या बाबूजी नाइकांचा आश्रय लाभला आणि तेथेच पुराणिकाचे काम करीत, अखंड काव्यरचना करीत, १७९४ साली त्यांनी देह ठेवला. अठरा पर्वांचे ‘आर्याभारत’, भागवतातील कथाभागावरचे ‘कृष्णविजय’ आणि ‘मंत्रभागवत’, स्त्रियांसाठी रचलेली ‘सीतागीत’ व ‘सावित्रीगीत’ यांसारखी गीते, एकशे आठ म्हणून प्रसिद्ध असलेली रामायणे आणि उतारवयातील ‘केकावली’ एवढा हा संसार आहे. या विस्तारापेक्षाही त्यांचा व्यवसाय आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. पुराणिक म्हणजे समोर बसलेल्या मंडळींस ग्रंथ वाचून दाखवून त्याचा अर्थ उकलून सांगणारा. पंतांनी जे लिहिले ते अशा माणसाने लिहिले आहे. आपले शब्द कोणाच्या तरी तोंडून कोणाच्या तरी कानी जाणार आहेत, हे तो गृहीत धरून चालला होता.

त्यांच्या पहिल्या चाहत्यांनी त्यांचे काव्य ऐकूनच आपलेसे केले. सोलापूरचे शाहीर रामजोशी (१७६२–१८१२) लावणीकडून कीर्तनाकडे वळले आणि त्यांनी आपल्या कीर्तनांतून पंतांच्या आर्या गावोगाव नेल्या. पंतांच्याच उपदेशाने रामजोशांनी तमाशा सोडला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कवी आणि कीर्तनकार यांची सांगड लोकांच्या मनात किती घट्ट बसली होती, याची ती साक्ष देते. हरदास पूर्वरंगात निरूपण करी आणि उत्तररंगात आख्यान लावी. त्या आख्यानात ओवी, साकी, दिंडी यांच्या जोडीला पंतांची आर्या हमखास येई.

येथे आर्येची घडण पाहिली पाहिजे. शास्त्राप्रमाणे आर्येच्या पहिल्या अर्धात तीस मात्रा आणि दुसऱ्या अर्धात सत्तावीस. दोन्ही अर्धांत तीस तीस मात्रा असल्या की ती गीती होते. ज्यांना आपण सरसकट पंतांच्या आर्या म्हणतो त्या बहुतेक गीतीच आहेत. या साठ मात्रांच्या जागेत पंत बोलणारा, ऐकणारा आणि दोघांमधला ताण असे सारे बसवतात. इतके दाटून भरलेले पद्य एकदा वाचून संपत नाही. कीर्तनकार ते एकदा म्हणे, मग समास सोडवी, कथेचा दुवा जोडी, आणि पुन्हा म्हणे. दुसऱ्या वेळी अर्थ श्रोत्यांच्या मनात उलगडे आणि सभामंडपातून दाद येई. पुढे ज्याला ‘क्लिष्टता’ म्हणून नावे ठेवली गेली, ती या व्यवस्थेत कीर्तनकाराला दिलेली मोकळी जागा होती. ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग आणि वामनपंडितांचा श्लोक यांच्या पंक्तीला मोरोपंतांची आर्या बसवणारे सुभाषित लोकांच्या तोंडी रुळले ते याच श्रोत्यांमुळे. त्यांच्यापुढे मुद्दा एकच होता : या कवीमुळे भारत-भागवताची कथा अंतःकरणात उतरते की नाही? उत्तर होकारार्थी होते.

छापखाना आला आणि श्रोता वाचक झाला. परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले आणि जुन्या कवितेचे वेचे शाळेच्या बाकापर्यंत पोहोचले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८६५ साली ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध केली. दादोबा हे मराठीचे व्याकरणकार, आणि जातिभेद व मूर्तिपूजा यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या परमहंस सभेचे एक प्रवर्तक. उलट बाजूस सुधारकांवर तुटून पडणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनीही १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेचा विस्ताराने कैवार घेतला. एकमेकांशी ज्यांचे क्वचितच पटले असते, आणि जे योगायोगाने १८८२ या एकाच वर्षी निवर्तले, त्या दोघांचे या एका कवीविषयी एकमत व्हावे, हे पंतांच्या लोकप्रियतेचे शिखर होते. मात्र मुद्दा बदलला होता. आता पाहणी होती ती भाषेवरील प्रभुत्वाची. इंग्रजी विद्येपुढे मराठीला मान खाली घालावी लागू नये म्हणून तिच्यातील सामर्थ्याचा पुरावा हवा होता, आणि तो पंतांनी भरपूर पुरवला.

पण ज्या कारणासाठी आपण एखाद्यास थोर ठरवतो, ते कारण सरले की थोरवीही डळमळते. पुढच्या पन्नास वर्षांत तीन गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट वर्गात घडली. कीर्तनात जी आर्या दोनदा ऐकून उमगे, तिचा विग्रह, अन्वय आणि वृत्त परीक्षेसाठी लिहून द्यावे लागू लागले. चूक झाली की गुण कापले जात. लहानपणी ज्याची भीती बसली त्याच्यावर मोठेपणी प्रेम बसणे कठीण.

दुसरी गोष्ट संतांच्या पुनर्दर्शनाची. तुकोबांची गाथा सरकारी साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात संशोधून छापली गेली. प्रार्थना समाजाने अभंगांना उपासनेत स्थान दिले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात संतमंडळाला राष्ट्राच्या उदयाच्या मुळाशी बसवले. कवी कोणाचा, सामान्य जनांचा की पंडितांचा, हा नवा मुद्दा निघाला. तो निघताच तुकोबा वर गेले आणि पंत खाली आले. तिसरी गोष्ट केशवसुतांची (१८६६–१९०५). त्यांच्यापासून कवितेकडे कवीच्या स्वतःच्या अनुभवाची मागणी होऊ लागली. पुराणातील कथा पुन्हा सांगणारा, यमके जुळवणारा मनुष्य या कसोटीवर कवी न राहता कारागीर ठरला.

या संक्रमणाची खूण एकाच अभ्यासकाच्या ग्रंथांच्या ओळीत दिसते. ल. रा. पांगारकरांनी १९०८ साली मोरोपंतांचे चरित्र व काव्यविवेचन मोठ्या भक्तिभावाने सिद्ध केले. त्यांचे ज्ञानेश्वरचरित्र १९१२ सालचे आणि तुकारामचरित्र १९२० सालचे. पंतांपासून निघून संतांकडे जाणारी ही वाट त्या काळी असंख्य वाचकांनी आपापल्या मनात चालून पाहिली असेल.

आक्षेपकांचे सारेच म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ओठांना ओठ न लागू देता म्हणता येईल असे ‘निरोष्ठ रामायण’, मंत्राक्षरे गुंफलेले ‘मंत्ररामायण’ हे पाहून आजचा वाचक थक्क होतो, पण हेलावत नाही. कित्येक ठिकाणी यमकासाठी शब्द ओढून आणलेला दिसतो. मात्र त्या एकशे आठ या आकड्याचा अर्थ देवळात वाढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. जपमाळेचे मणी तितकेच असतात. एकाच रामकथेला पुनःपुन्हा हात घालण्यात कवित्वाचे प्रदर्शन किती आणि जप किती, याचा विचार केशवसुतांच्या कसोटीत बसत नव्हता, म्हणून तो झाला नाही.

आणि जो मुद्दा नव्या पिढीने काढला, त्याचेही उत्तर पंतांच्या दप्तरात होते. ‘केकावली’ म्हणजे मयूराने मेघासाठी फोडलेल्या टाहोंची माळ. पृथ्वी वृत्तातील या शंभराहून थोड्या अधिक श्लोकांत वृद्ध कवी कथा सांगण्याचे सोडून देवाशी बोलतो. शरण आलेल्या थोरामोठ्या पातक्यांस तू तारलेस, मग माझ्याच वेळी हात आखडता का, असा त्याचा रोख आहे. पूर्वीचे दाखले पुढे ठेवायचे, प्रतिपक्षाची कीर्तीच त्याच्यावर बंधनकारक करायची आणि शेवटी पुन्हा दयेची याचना करायची, हा युक्तिवाद वकिलाच्या कानाला ओळखीचा वाटतो. पण मागे जो गळा दाटून आला आहे तो वकिलाचा नव्हे. येथे अनुभव कवीचा स्वतःचा आहे. सत्संगाची मागणी करणारा याच काव्यातील श्लोक पिढ्यानपिढ्या शाळांतून प्रार्थना म्हणून म्हटला गेला. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना तो मोरोपंतांचा आहे याची जाणीवही नसेल. कवीला विसरूनही त्याचे शब्द आपण जवळ ठेवले, ही गोष्ट निवाडा देताना विचारात घ्यावी लागेल.

आमच्या गोमंतकातील वाचकांस या प्रकरणी विशेष अधिकार आहे असे आम्ही समजतो. ज्यांच्या घरी कोंकणी आणि देवळात मराठी पुराण, अशा कुटुंबांना पोर्तुगीज अमदानीत मराठीचा सरकारी आधार जवळजवळ नव्हता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर खासगी मराठी शाळांना वाव मिळाला. त्याआधी आणि नंतरही पुराण, कीर्तन, भजन हीच येथील खरी पाठशाळा. पंतांचे समकालीन सोहिरोबानाथ आंबिये यांची पदे येथे टिकली ती गळ्यागळ्यांतून. पंतांना तसा गेय पदांचा आधार नाही. त्यांना कीर्तनकार लागतो आणि थांबून ऐकणारी सभा लागते. कीर्तन विरळ झाले की तुकोबा उरतात, कारण अभंग एकट्यालाही गुणगुणता येतो. मोरोपंत मात्र मुके होतात.

म्हणून पंतांविषयीची उदासीनता हा रुचीचा निर्णय आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यात साक्षीदारच कमी झाले आहेत. ज्याने आर्या कधी उलगडून ऐकली नाही, त्याने ती नीरस ठरवावी, हा एकतर्फी हुकूमनामा होय, आणि एकतर्फी हुकूमनामा योग्य कारण दाखवल्यास रद्द करून घेता येतो. देवस्थानांच्या उत्सवसमित्यांनी वर्षातून एका रात्री कीर्तनकारास ‘आर्याभारता’तील एखादे आख्यान सविस्तर लावावयास सांगावे, ‘केकावली’चे दहा श्लोक अर्थासह तरुण मंडळींकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत. त्यानंतरही कोणी म्हणेल की हा कवी आमचा नव्हे, तर त्याचे मत आम्ही आदराने ऐकू. निदान तो निकाल दोन्ही बाजू ऐकून दिलेला असेल.